नर्सबाई वस्तीला आहेत का?

(मुठा, तालुका मुळशी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमलो आहोत, त्यांचे नाव या मालेला दिलेले नाही. त्यांच्या घरच्यांनीच तसे सांगितले. ‘तुम्ही सगळे नर्सबाई म्हणत होता, तेच राहू द्या,’ म्हणाले. म्हणून मीही आज नर्सबाईच म्हणणार आहे.

माझ्या लहानपणी या खोऱ्यात कुणाच्या घरी सून अडली, पोराला ताप चढून डोळे फिरले, रानात कुणाला पान लागले, म्हणजे साप चावला, की धावत आलेला माणूस एकच विचारायचा. ‘नर्सबाई वस्तीला हाईत का?’ डॉक्टर आहेत का, हे कुणी विचारत नसे. डॉक्टर पौडला किंवा पुण्याला असणार हे ठाऊकच होते. मधे मुठ्याचा घाट, आणि श्रावणात घाटातला रस्ता कधी असे, कधी नसे. नर्सबाई नावाला नेमलेल्या आहेत की नाहीत, यालाही महत्त्व नव्हते. वस्तीची एसटी असते ना, तशा त्या वस्तीला आहेत का, रात्री हाक मारली तर दार उघडणार का, एवढेच विचारायचे असे. सरकारी कागदावर भरलेली जागा आणि रिकामी जागा यांत काय फरक असतो, ते या खोऱ्यातल्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांना बरोबर कळत होते.

मी 39 वर्षे सरकारी रुग्णालयांत काम केले. विद्यार्थिनी म्हणून कॅप घातली, मग अधिपरिचारिका झाले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. सगळे काम शहरात झाले. परिचारिकांचा तुटवडा या विषयावर सभा झाल्या, अहवाल झाले, मोर्चे झाले, त्यातल्या काहींत मीही चालले. पण त्या सगळ्यात आपल्या खोऱ्यातला हा प्रश्न मला कुणी विचारलेला आठवत नाही. म्हणून आज तोच घेऊन उभी आहे.

आधी मोठे आकडे सांगते, म्हणजे आपले दुखणे केवढे आहे ते कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे 2 कोटी 98 लाख परिचारिका आहेत आणि आणखी 58 लाख कमी पडतात. आपल्या देशात हजार लोकांमागे 1.96 परिचारिका असल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले होते. असायला हव्यात तीन. हा आकडा नोंदणी केलेल्यांचा आहे हे लक्षात घ्या. नोंदणी केलेल्यांतल्या किती जणी आज वॉर्डात उभ्या आहेत, किती जणी लग्नानंतर घरी बसल्या आणि किती जणी दुबईला आहेत, ते त्या आकड्यावरून कळत नाही. हजारामागच्या दोघीसुद्धा सगळीकडे सारख्या वाटलेल्या नाहीत. आपल्याच मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे. तिथे काचेच्या इमारती आणि आसपास मोठमोठी रुग्णालये. दुसऱ्या टोकाला टेमघर धरणाच्या वरच्या अंगाचे धनगरवाडे आणि कातकऱ्यांच्या वाड्या. तालुका एक, पण रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर तो एक राहत नाही.

आता जरा मागे जाते, कारण आजच्या तुटवड्याचे मूळ मला तिथे दिसते.

1897 साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई फुले हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रोग्यांची सेवा करत होत्या. मुलगा यशवंत डॉक्टर होता आणि दवाखाना त्याचा होता. रोग्यांना उचलून आणताना त्यांनाच लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्यांच्याजवळ परिचर्येचे प्रमाणपत्र नव्हते. पण आपल्या मातीत परक्याच्या अंगाला हात लावून सेवा करण्याचा धडा घालून देणाऱ्यांत त्यांचे नाव मी पहिले घेते. पुढे 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी बायका पाठवायच्या, हे त्यांनी मनावर घेतले. केवढी टीका झाली असेल! घरंदाज बाईने परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, रात्रपाळी करायची, हे कुणाला पटणार? तरी रमाबाई मागे हटल्या नाहीत.

कोण होत्या त्या पहिल्या बायका? बहुतेक विधवा किंवा परित्यक्ता, सासर-माहेर दोन्ही दारे बंद झालेल्या. मिशनच्या रुग्णालयांतही पुष्कळशा अशाच होत्या. दुष्काळातून वाचलेल्या, अनाथ म्हणून वाढलेल्या. या धंद्याने त्यांना पोट दिले, मान दिला, डोक्यावर छप्पर दिले, आणि ते फार मोठे काम झाले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट रुजली. ज्यांनी रुग्णालये चालवली, त्यांच्या मनात एक गृहीत पक्के बसले, की ही बाई जाणार कुठे? तिला दुसरे दार नाही. म्हणजे पगार थोडा चालेल, एका खोलीत सहा जणी चालतील, डबल ड्युटी सांगितली तरी ती नाही म्हणणार नाही.

आपली परिचर्येची सारी व्यवस्था या गृहीतावर उभी राहिली, असे माझे मत आहे. शंभर वर्षांनी ते गृहीत खोटे ठरले. आजची मुलगी जाऊ शकते. ती जर्मन शिकते आणि जाते. बँकेची परीक्षा देते आणि जाते. व्यवस्था मात्र अजून तिच्याशी, तिला दुसरे दार नाही अशाच रीतीने वागते. तुटवडा म्हणतात तो इथून सुरू होतो.

वॉर्डातले गणित सांगते. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष आहे. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, म्हणजे प्रत्येक पाळीत नऊ खाटांमागे एक. साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक. त्याशिवाय रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी तीस टक्के जास्तीच्या. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री चार-पाच जणी हव्यात. मी नाईट केल्या त्या कितीतरी वॉर्डांत मी एकटी आणि सोबत एक विद्यार्थिनी, खाटा चाळीस आणि जमिनीवर गाद्या टाकून आणखी पंधरा. एका कोपऱ्यात सिझेरियन झालेल्या बाईचे बीपी घसरतेय, दुसऱ्या कोपऱ्यात सलाईन संपून नळीत रक्त चढलेय, दारात नातेवाईक ओरडतायत. अशा वेळी काय राहून जाते ठाऊक आहे? इंजेक्शन राहत नाही, ते कागदावर असते. राहते ते पेशंटला कूस बदलून देणे. दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. त्या जखमेवर आमची सही नसते, पण आम्हाला ठाऊक असते की ती आमच्या हातून झाली आहे. सकाळी हँडओव्हर देताना मी मान खाली घालून बोलले आहे. अनेक मुली काम सोडून जातात त्या पगारासाठीच, असे समजू नका. चांगले काम येत असून ते करता येत नाही, हे रोज सहन होत नाही.

हे नुसते माझे मन सांगत नाही. अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांचा अभ्यास करून 2002 मध्ये दाखवले, की परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव सात टक्क्यांनी वाढतो. कॅलिफोर्नियाने तर एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त किती रुग्ण द्यायचे, याचा कायदाच 1999 मध्ये केला आणि 2004 पासून अमलात आणला. आपल्याकडे निकष आहे, पण तो मोडला तर कुणाला जाब द्यावा लागत नाही.

कूस बदलण्यावरून मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात. 27 नोव्हेंबर 1973 ला त्याच रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला. त्या ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. नंतरची जवळजवळ 42 वर्षे, 18 मे 2015 पर्यंत, त्या अंथरुणावर होत्या आणि केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यान् पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला अंथरुणाच्या जखमा होऊ दिल्या नाहीत. परिचर्या म्हणजे काय, हे मला कुणी विचारले तर मी एवढेच सांगते. आणि दुसरीही गोष्ट सांगते, की कपडे बदलायला त्यांना तळघरात जावे लागले. आतून कडी लागणारी एक खोली, एवढीच ती गरज होती.

खोलीपाशी मी पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण आपल्या नर्सबाईंची गोष्टही खोलीचीच आहे.

नर्सबाई या खोऱ्यात आल्या तेव्हा मी शाळेत होते. नऊवारीच्या गावात पांढरी पाचवारी नेसलेली, छत्री घेतलेली, एकटी बाई. त्यांना मिळालेल्या सरकारी खोलीचे पत्रे पहिल्याच पावसात उडाले. दोन पावसाळे अर्ज झाले. शेवटी आमच्या आळीतल्या एका म्हातारीने आपल्या घराची पडवी आडोसा घालून त्यांना दिली. ‘लेकीसारखी ऱ्हा,’ म्हणाली. त्या पडवीत नर्सबाई अकरा वर्षे राहिल्या. आंदगावपासून वरच्या वाड्यांपर्यंत चालत जायच्या. चिखलात चप्पल हातात आणि पिशवीत लशीचा डबा. किती बाळंतपणे केली, त्याची वही त्यांच्याकडे होती. शेवटचा आकडा मी पाहिलेला नाही आणि उगाच सांगणार नाही.

माझ्या वडिलांना मी नर्सिंगला जाणे मान्य नव्हते. ‘लोकं काय म्हणतील’ हे एकच उत्तर. नर्सबाई संध्याकाळी घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘दादा, तुमचा धाकटा कुणाच्या हातावर आला?’ वडील काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांनी माझा फॉर्म भरायला पैसे दिले. आमच्या खोऱ्यातून त्या शिक्षणाला गेलेली मी एकटी नाही. नंतर आणखी गेल्या, त्यांच्यातल्या दोघी आज समोर बसल्या आहेत.

नर्सबाई टिकल्या त्या सरकारने टिकवल्या नाहीत. त्या टिकल्या एका म्हातारीच्या पडवीमुळे. पण म्हातारीच्या भल्या मनावर तालुक्याचे आरोग्य सोडून देता येत नाही.

परक्या गावात टिकणे किती जड असते, याची एक मोठी साक्ष आपल्या महाराष्ट्रातच आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांची पहिली कल्पना होती, की शिकलेल्या नर्स-दाया खेड्यांत राहतील. त्यांच्या ध्यानात आले, की परक्या गावात एकट्याने राहणे या मुलींना जड जाते, आणि गावालाही त्या परक्याच वाटतात. मग गावातल्याच बायका निवडल्या, त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांना शिकवले, दर आठवड्याला जामखेडला बोलावून पुन्हा शिकवले. त्या टिकल्या, कारण त्यांना कुठून येऊन टिकायचे नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळांची काळजी शिकवली. त्याचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि बालमृत्यू किती खाली आणता येतात ते जगाने पाहिले. पुढे देशभर आशा स्वयंसेविका, म्हणजे आपल्या आशाताई आल्या, त्यामागेही हाच विचार होता.

पण इथे एक धोका आहे, तो मी स्पष्ट सांगते. गावातली बाई स्वस्त पडते म्हणून तिला परिचारिकेच्या जागी उभे करणे, हा आरोळ्यांचा धडा नव्हे. आशाताई आरोग्यसेविकेचा हात आहे. तिच्या डोक्यावर सगळे लादून आरोग्यसेविकेची जागा रिकामी ठेवणे हा अन्याय आहे, दोघींवरही. आरोग्यसेविकेचे काम तरी केवढे वाढले आहे! गरोदर बायांची नोंद, लसीकरणाचे सत्र, त्यानंतर सरकारच्या अनमोल ॲपमध्ये आणि लसीकरणाच्या यू-विनमध्ये एकेक नाव भरायचे. जिथे रेंज येते त्या दगडावर बसून ती रात्री आकडे भरते. डोंगरी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, सपाटीवर 5,000 मागे. सवलत दिसते खरी, पण हा निकष माणसे मोजतो. मधले ओढे मोजत नाही.

आता भरतीबद्दल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कामाला लागलेल्या मुलींना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते. मधे एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. अशी दहा-पंधरा वर्षे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कंत्राटी म्हणून बँक घराला कर्ज देत नाही आणि लग्न ठरताना मुलाकडचे विचारतात, ‘पर्मनंट आहे का?’ 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिकांनी संप केला, तो बाहेरच्या संस्थेमार्फत भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध. 2025 च्या जुलैत पुन्हा केला. वेतनातल्या त्रुटी आणि कंत्राटी भरती हेच प्रश्न होते. त्यानंतर महिनाभरात अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. संपात रुग्णांचे हाल होतात, हे मला कुणी सांगायला नको. पण संप नसतानाही रात्री एकटी सिस्टर पंचावन्न पेशंट पाहते, तेव्हाही हाल होतच असतात. तेव्हा बातमी येत नाही.

खासगीत निराळीच गोष्ट. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एका मुलीची मूळ प्रमाणपत्रे एका रुग्णालयाने कपाटात ठेवून घेतली होती. दोन वर्षे सोडायचे नाही, सोडले तर पैसे भरा. पगार हातात यायचा तो घरभाडे आणि बसपास यांत संपायचा. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 ला खासगी परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20,000 पेक्षा कमी पगार नको आणि 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका हवा. त्याला इतकी वर्षे झाली. तुमच्या ओळखीत पुण्यात एखादी मुलगी छोट्या नर्सिंग होममध्ये असेल, तिला आज रात्री फोन करून पगार विचारा.

मग ती जर्मन शिकते. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. माझ्या भाचीची मुलगी नाईट करून सकाळी जर्मनच्या तासाला जाते. मी तिला थांब म्हणत नाही. तिने जावे, मानाने राहावे, आईला पैसे पाठवावे. जाणाऱ्या मुलीला देशसेवेची आठवण करून देण्याचा अधिकार तिला नीट पगार देणाऱ्यालाच आहे. माझे म्हणणे एवढेच, की जिला आपण जर्मनीसाठी तयार करू शकतो, तिला मुठ्यात राहण्यासारखी परिस्थितीही करू शकतो. तिला तिथे मिळणार असलेल्या सगळ्या गोष्टी युरोमध्ये मोजायच्या नसतात. किती रुग्ण पाहायचे ते ठरलेले, रजा ठरलेली, डॉक्टरने सगळ्यांसमोर ओरडायचे नाही हे ठरलेले. हे द्यायला परकी चलन लागत नाही.

आपण सरकारकडे काय मागायचे, ते मागत राहूच. जागा कायमस्वरूपी भरा, निकष कायद्यात आणा, डोंगरी भागात राहणाऱ्या आरोग्यसेविकेला चार-पाच वर्षांनंतर तिच्या पसंतीची बदली आणि पुढच्या शिक्षणाची जागा द्या. पण आज मी माहेरी आले आहे, म्हणून माहेरच्यांकडे मागते.

एक, या खोऱ्यातल्या बारावी झालेल्या मुलींकडे पाहा. कातकरी वाडीतली, धनगरवाड्यावरची मुलगी नर्सिंगला जात असेल तर तिच्या फीसाठी आणि वसतिगृहासाठी गावाने हात पुढे करावा. जत्रेच्या कुस्त्यांना आपण वर्गणी काढतो, तशीच ही काढता येईल. मुलांनाही पाठवा, वॉर्डात ब्रदर लागतात, आणि रात्री एकट्या सिस्टरला सोबत होते.

दुसरे, नर्सबाईशी बोलताना आवाज खाली ठेवा. औषध नसले तर ते तिने लपवलेले नसते.

आणि तिसरे, ज्यासाठी मी आज आले. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून उपकेंद्राची राहण्याची खोली घ्या. आधी सरपंच आणि चार बायका जाऊन ती पाहून या. छप्पर गळते का, नळाला पाणी येते का, संडास वापरता येतो का, बाहेर रात्रीचा दिवा लागतो का, आणि दाराला आतून लागणारी कडी धड आहे का. जे नसेल ते पावसाळा संपायच्या आत करून घ्या. मी दिवाळीला परत येणार आहे. आल्यावर विचारणार आहे, नर्सबाई वस्तीला आहेत का?